कॅम्परव्हॅनचं सोलर: टपावर पक्कं पॅनेल की घडीचं? ट्यूब्युलर की लिथियम?

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन तिचा कॅम्पर करायला निघालेला माणूस पहिलं विचारतो ते "किती वॅटचं पॅनेल लावू?" त्याच्याआधी ठरवायला हवं ते असं, की गाडी रोज चालणार आहे की चार-चार दिवस एकाच जागी उभी राहणार आहे. निम्मा हिशोब तिथेच होतो.

विजेची गरज मात्र दोघांची सारखीच. कॉम्प्रेसरवाला 12 व्होल्टचा छोटा फ्रिज आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला अर्धं युनिट घेतो. 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर चालला की पाव युनिट. लॅपटॉप, फोन, दिवे, पाण्याचा पंप धरून आणखी पाव-एक. म्हणजे रोजचं एक युनिट, वर थोडं. एसी या हिशोबात बसत नाही. एक टनाचा एसी एवढी वीज तासाभरात संपवतो. स्वयंपाकाला गॅसच ठेवा. इंडक्शनच्या हौसेपायी सगळी सिस्टीम दुप्पट करावी लागते.

टपावर पक्कं बसवायचं तर घरांवर लागतं ते 540 वॅटचं मोनो पॅनेल वॅटमागे सगळ्यात स्वस्त पडतं. सव्वादोन मीटरहून जरा लांब, वजन 28 किलोच्या आसपास. मार्च-एप्रिलच्या स्वच्छ उन्हात आडवं पडूनही ते दिवसाला दोन ते अडीच युनिटं सहज देतं. पॅनेल तापलं की मात्र उत्पादन घसरतं. 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.35 टक्के, म्हणजे 65 अंशांना 14 टक्के गेले. म्हणून टप आणि पॅनेलमध्ये चार बोटं हवा खेळती ठेवा.

याची खरी अडचण वेगळीच आहे: पॅनेलला ऊन द्यायचं तर गाडीही उन्हातच उभी करावी लागते. तारकर्लीला मे महिन्यात माडांखाली गाडी लावली तर झावळीची सावली दोन-चार सेलवर पडूनही पॅनेलचा मोठा हिस्सा बंद पडतो. उन्हात लावली तर आत बसवत नाही. घडीचं 200 वॅटचं पॅनेल इथे कामाला येतं. गाडी सावलीत, पॅनेल वाळूवर, सूर्याकडे तोंड करून. डिसेंबरात लेहला तर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 32 अंशांवर असतो. टपावर आडव्या पडलेल्या पॅनेलला थेट उन्हाचा निम्माच वाटा मिळतो, कलतं ठेवलेलं पूर्ण घेतं. पण घडीचं पॅनेल उघडं टाकून किल्ला बघायला जाता येत नाही. वारा आहे, माकडं आहेत, उचलून नेणारेही आहेत. रोज काढ-घाल करायचा कंटाळा चौथ्या दिवशी येतोच. माझं मत: मुख्य पॅनेल टपावरच. घडीचं घ्यायचं ते जोडीला, आणि तेही मुक्काम लांबणार असतील तरच.

रोज फिरणाऱ्याने पॅनेल वाढवण्याआधी डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या इंजिनाच्या विजेवर आतली बॅटरी भरणारा) घ्यावा. 30 अँपिअरचा चार्जर गाडी चालू असताना जवळपास 400 वॅट देतो. जुलैत कोकणात पॅनेल नुसतं धुतलं जात असतं, पण तीन तास गाडी चालली की दिवसाची गरज भागते. बीएस-6 गाड्यांमध्ये अनेकदा स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारा भाग) असतो, तो मध्येच व्होल्टेज खाली आणतो. त्यामुळे नुसत्या रिलेवर (आपोआप जोडणाऱ्या स्विचवर) दुसरी बॅटरी चार्ज करायचा जुना जुगाड तिथे चालत नाही.

कंट्रोलरबाबत, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीमधल्या चार्जिंगच्या डब्याबाबत, फार घोळ घालू नका. 540 वॅटचं पॅनेल 12 व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएम या साध्या प्रकारच्या कंट्रोलरमधून जोडलं तर जेमतेम 170 वॅट हाती लागतात. पॅनेलची पूर्ण वीज वापरणारा एमपीपीटीच हवा. दोन पॅनेलं लावणार असाल तर ती समांतर जोडा. या पॅनेलचं ओपन-सर्किट (काही न जोडता मिळणारं) व्होल्टेज 49-50 असतं आणि थंडीत ते आणखी चढतं. दोन सिरीजमध्ये जोडली तर उणे दहा अंशांच्या सकाळी 100 व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर जळू शकतो.

बॅटरीत दुकानदार 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लागते ती अ‍ॅसिडची बॅटरी, पुढे करतो, कारण आकडा मोठा दिसतो. तिच्यात 1.8 युनिटं मावतात, पण निम्म्याखाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे वापरायला 0.9. शिवाय वजन पन्नास किलोच्या वर. 100 एएचची लिथियम फॉस्फेट बारा-तेरा किलोंची आणि वापरायला 1.1 युनिट देते. ट्यूब्युलरला शेवटचे वीस टक्के भरायला तीन-चार तास लागतात, तोवर ऊन उतरतं. घाटात अ‍ॅसिड हिंदकळतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि तुम्ही झोपता त्याच डब्यात. तिची जमेची बाजू एवढीच, की कुठल्याही तालुक्याच्या गावी दुसरी मिळते. लिथियमला पैसे जास्त पडतात, तरी मी तीच घेईन, आणि ढगाळ दिवसाची सोय म्हणून 200 एएच. स्पितीला नेणार असाल तर ती बिछान्याखाली, आतच ठेवा: शून्य अंशांच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. तापमान उतरलं की चार्जिंग बंद करणारा बीएमएस (बॅटरीची राखण करणारं सर्किट) तिच्यात आहे ना, हे घेतानाच विचारा.

भाड्याच्या गाडीला किंवा वर्षातून दोनदाच जाणाऱ्याला यातलं काही नको. एक युनिटचं पॉवर स्टेशन (बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर एकाच डब्यात) आणि घडीचं पॅनेल पुरे. फक्त त्यातला इन्व्हर्टर बिघडला तर फ्रिजसकट सगळंच ठप्प होण्याची शक्यता असते.

जोडणी घरच्या वायरमनकडून करून घेणार असाल तर शेजारी उभे राहा. तो सवयीने घरातल्या एसी करंटची एमसीबी लावेल. डीसीतली (बॅटरीच्या करंटमधली) ठिणगी तिच्यात विझेलच असं नाही, डीसीचीच एमसीबी मागा. हजार वॅटचा इन्व्हर्टर 12 व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर ओढतो, तेव्हा केबल 35 स्क्वेअर एमएमची, आखूड, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात फ्यूज.