राजीनामा आधी की पूर्व परीक्षा आधी?

या दिवाळीनंतर मला असे तीन फोन आले. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झालेली, बोनस नुकताच हातात पडलेला आणि प्रश्न तोच: "ताई, सोडू का नोकरी? पुण्याला येऊन वर्षभर फक्त एमपीएससी करते." मी स्वतः सोडली होती. चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. जानेवारी २०२४ मध्ये बाहेर पडले आणि पुण्याच्या नवी पेठेत सामायिक खोलीतली एक कॉट भाड्याने घेतली. माझ्या मावसभावानेही तेव्हाच अभ्यासाला सुरुवात केली, पण तलाठ्याची नोकरी सांभाळून. दोन्ही वाटा जवळून पाहिल्यात, म्हणून फोनवर तुटक सांगते ते इथे नीट मांडते.

आधी तासांचा हिशेब. नोकरी सुटली की दिवसाचे बारा तास अभ्यास होईल असं सगळ्यांनाच वाटतं. पहिले पंधरा दिवस मी बसलेही. मग एका वहीत रोजचे खरे तास लिहायला लागले. मेसची रांग, चहाला खाली उतरणं, आयोगाचं नवीन काय आलं यावर अभ्यासिकेच्या जिन्यात होणारी चर्चा, हे सगळं वजा केलं की पुस्तकासमोरचे तास साडेसात भरायचे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४५. मावसभाऊ पहाटे साडेचारला उठून सातपर्यंत बसायचा, रात्री एक तास, आणि शनिवार-रविवार आठ-आठ तास. म्हणजे ३३-३४. अर्थात अतिवृष्टीचे पंचनामे किंवा निवडणुकीचं काम लागलं की दोन-दोन आठवडे शून्य. तरीही ४५ आणि ३३ मध्ये जो फरक आहे, तेवढ्यासाठी पूर्ण पगार सोडावा का, हा प्रश्न पूर्व परीक्षेपुरता तरी विचारायलाच हवा.

माझं मत असं की पूर्व परीक्षेसाठी नोकरी सोडायची गरज नाही. सामान्य अध्ययनाचे १०० प्रश्न, सीसॅटला, म्हणजे आकलन आणि तर्कक्षमतेच्या पेपरला, ३३ टक्के मिळवून फक्त पात्र व्हायचं, चुकलेल्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण वजा. हा अभ्यास तुकड्यातुकड्यांनी होतो. कंपनीच्या बसमध्ये चालू घडामोडी, जेवणाच्या सुट्टीत आयोगाचे जुने दहा प्रश्न, रविवारी एक पूर्ण पेपर. मावसभावाची पूर्व अशीच निघाली, आणि माझीही निघाली. माझ्या पूर्णवेळ अभ्यासाने तिथे फार मोठी उडी मारली, असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

मुख्य परीक्षेचं गणित मात्र वेगळं आहे, आणि आता तर ते पार बदललंय. एमपीएससीच्या राज्यसेवा २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहून द्यायची, झाली. मराठी आणि इंग्रजी पात्रतेपुरते. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे सात पेपर गुणांत धरतात. प्रत्येकी २५० प्रमाणे १७५० आणि मुलाखतीचे २७५. ही सगळी यूपीएससीची धाटणी. तिथे सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत वीस उत्तरं लिहावी लागतात, म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटं. हा हात तुकड्यांनी बसत नाही. त्याला सलग तीन तास लागतात, नंतर कुणीतरी ते तपासायला लागतं, आणि पुन्हा तेच लिहावं लागतं.

मावसभावाने रात्री दहानंतर लिहिलेला एक सराव पेपर मी पाहिला आहे. पहिली बारा उत्तरं सुरेख, मुद्दे ठळक, एक नकाशासुद्धा काढलेला. तेराव्यापासून ओळी खाली घसरत गेलेल्या. सतरा ते वीस कोरे. सगळं त्याला येत होतं, तोंडी विचारलं तर सांगितलं त्याने. दिवसभर सातबाऱ्याच्या नोंदी करून आलेला हात चालत नव्हता. नोकरी सोडल्याचा किंवा मोठी रजा घेतल्याचा खरा फायदा मला दिसतो तो इथे, मुख्य परीक्षेच्या आधीच्या चार-पाच महिन्यांत.

आता पैशाचं. माझा महिन्याचा खर्च ११ हजारांच्या आसपास होता: कॉट, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज. चौदा महिने पुरतील एवढी शिल्लक घेऊन आले होते, कारण पूर्व परीक्षा २८ एप्रिल २०२४ ला ठरली होती. ती पुढे ढकलली, पुन्हा ढकलली, आणि शेवटी १ डिसेंबर २०२४ ला झाली. मुख्य परीक्षा आली मे २०२५ च्या शेवटी. शिल्लक फेब्रुवारीतच संपली होती. जेव्हा सगळ्यात शांत डोक्याने बसायला हवं होतं, तेव्हा मी मेसच्या पैशांसाठी दादाला फोन करत होते. तो कधी काही बोलला नाही, पण दर महिन्याला तो नंबर लावताना पोटात खड्डा पडायचा. मावसभाऊ परीक्षा पुढे गेल्यावर दोन दिवस चिडला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसला. त्याचा पगार चालू होता.

हे एकाच वर्षी झालं असंही नाही. ५ एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा करोनामुळे लांबत लांबत २१ मार्च २०२१ ला झाली. २०२५ ची मराठवाड्यातल्या पुरामुळे २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरला गेली. म्हणून नोकरी सोडायचीच असेल तर वेळापत्रकात दिसतात त्यापेक्षा निदान आठ महिने जास्तीचे पैसे बाजूला ठेवा. घरचं कर्ज किंवा गाडीचा हप्ता चालू असेल, तर तो फिटेपर्यंत राजीनामा नको.

सारथी, महाज्योती, बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांच्या योजनांत निवड झाली तर विद्यावेतन मिळतं आणि ही आकडेमोड बरीच बदलते. पण तिथे प्रशिक्षणाला हजेरी लागते, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला ते जमणं कठीण.

मी शेवटी परत नोकरीतच आले. नव्या कंपनीच्या मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारलं, मी खरं ते सांगितलं, आणि जुन्या पगारापेक्षा कमी पगारावर घेतलं. मला पश्चात्ताप नाही, पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी राजीनामा डिसेंबर २०२४ च्या पूर्व परीक्षेपर्यंत थांबवला असता.

जे सरकारी नोकरीत आहेत त्यांनी राजीनामा देऊच नये, हे मी अगदी ठामपणे सांगते. अर्जित रजा साठवा, ती कमी पडली तर असाधारण रजेचा अर्ज करा. बिनपगारी गेली तरी नोकरी राहते. मात्र परीक्षेचा अर्ज भरताना कार्यालयाला कळवणं, ना हरकत घेणं हे वेळेत उरका.

खाजगी नोकरीत असाल तर नेमणूकपत्र काढून नोटीस पिरियड बघा. एमपीएससीत पूर्व आणि मुख्य यांत २०२४ च्या वेळी जवळपास सहा महिने मिळाले, त्यामुळे पूर्व निघाल्यावर राजीनामा देणं जमू शकतं. यूपीएससीत तसं नाही. २०२५ मध्ये पूर्व परीक्षा २५ मे ला होती आणि मुख्य २२ ऑगस्टपासून. नोटीस ९० दिवसांची असेल तर ते सगळे दिवस ऑफिसातच जातात. अशांनी वरिष्ठांशी बिनपगारी रजेचं आधीच बोलून ठेवावं. वयही धरा: एमपीएससीला खुल्या वर्गासाठी ३८ वर्षं आणि मागासवर्गीयांसाठी ४३, यूपीएससीला खुल्या वर्गासाठी ३२ आणि सहाच प्रयत्न. तीस वर्षांच्या यूपीएससीवाल्याला थांबायला जागा नाही. त्याने आताच सोडली तर मी अडवणार नाही, फक्त पैसे मोजून सोडावी.

एक गोष्ट सगळेच विसरतात. आई-वडिलांचा मेडिक्लेम कंपनीच्या पॉलिसीत असेल तर तो नोकरीसोबतच संपतो. वडिलांना शुगर असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ती पॉलिसी पगार चालू असतानाच काढा, राजीनामा नंतर टाइप करा.