ऑर्कामधलं एसएमडी: वर्षभर वापरल्यावर

वर्षभर ऑर्का या रेणूंचं क्वांटम गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एसएमडी हे द्रावकाचं मॉडेल जवळजवळ रोज चालवतोय. उदासीन रेणूंसाठी बिनधास्त वापरा. आयन आले की जरा जपून.

मॅरेनिच, क्रेमर आणि ट्रुलर यांनी ते २००९ मध्ये मांडलं. रेणूभोवती पोकळी धरायची आणि बाहेर सगळीकडे सलग द्रावक, ही कल्पना त्याच्या कितीतरी आधीची. त्याच कल्पनेवरचं सीपीसीएम हे साधं मॉडेल प्रामुख्याने डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे द्रावक विद्युतभारांमधलं आकर्षण किती कमी करतो त्या आकड्यावर, चालतं. आता डायऑक्सेनचा स्थिरांक सुमारे २.२ आणि टोल्युइनचा २.४, म्हणजे त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात डायऑक्सेनचे ऑक्सिजन ओ-एच गट असलेल्या रेणूला हायड्रोजन बंधाने धरतात. एसएमडी द्रावकाची हायड्रोजन बंध देण्या-घेण्याची क्षमता, पृष्ठताण वगैरे धरून चालतं, त्यामुळे त्याला हा फरक थोडाफार कळतो. आउटपुटमध्ये सीडीएसची (पोकळी, डिस्पर्शन आणि द्रावकाची रचना यांच्या ऊर्जेची) ओळ वेगळी छापून येते, ती आवर्जून बघा.

खरी डोकेदुखी पीकेए (आम्लाच्या तीव्रतेचा आकडा) काढताना, कारण तिथे आयन येतातच. मूळ शोधनिबंधातच सरासरी त्रुटी उदासीन रेणूंना ०.६ ते १ किलोकॅलरी प्रति मोल आणि आयनांना ४ च्या आसपास दिली आहे. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे पीकेएचा एक अख्खा अंक, तेव्हा ४ चुकलं की उत्तर तीन अंकांनी भरकटलं! कार्बॉक्झिलेटच्या (कार्बॉक्झिलिक आम्लातून प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या आयनाच्या) ऑक्सिजनांपाशी दोन-तीन पाण्याचे रेणू बसवून ते सगळं एसएमडीत घातलं की आकडे बरेच ताळ्यावर येतात. मात्र ते पाणी हाताने बसवणं कंटाळवाणं; जागा जरा बदलली की मिनिमम (सगळ्यात कमी ऊर्जेची रचना) वेगळा. ऑर्का ६ मधल्या, द्रावकाचे रेणू आपोआप बसवणाऱ्या सॉल्व्हेटरने ही कटकट पुष्कळ कमी केली.

आणि हो, वायूतली १ अॅटमॉस्फिअर आणि द्रावणातली १ मोलर या दोन प्रमाण स्थितींमधल्या फरकाचे १.८९ किलोकॅलरी आपणच मिळवायचे.

वेळ वायूतल्या गणितापेक्षा थोडाच जास्त लागतो. लवचिक रेणूंचे कन्फॉर्मर (वळून-वाकून होणारे वेगवेगळे आकार) मात्र आधी एक्सटीबी या झटपट गणित करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या एएलपीबी या द्रावकाच्या मॉडेलने चाळून घ्यावेत, नाहीतर क्लस्टरवर (सगळ्यांच्या सामाईक संगणकांवर) रांग लागते.

तक्रार एकच: मिश्र द्रावक. सिंथेसिसवाले येऊन विचारतात, "पाणी-मेथॅनॉल निम्मं-निम्मं टाकता येईल ना?" यादीत दीडशेहून जास्त द्रावक आहेत, पण सगळे सुटे. मिश्रणाचे आकडे हाताने भरता येतात, पण त्या मिश्रणाची हायड्रोजन बंध देण्याची क्षमता किती धरायची, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.