तीन बोटांचा स्वाइप की कंट्रोल-टॅब? एडिटरमध्ये फाइल बदलताना

व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये ट्रॅकपॅडवर तीन बोटांनी स्वाइप केलं की पट्टीतला शेजारचा टॅब उघडेल, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. तो स्वाइप अलीकडे वापरलेल्या फाइलींच्या क्रमाने जातो, म्हणजे पट्टीत पार दुसऱ्या टोकाला असलेली फाइलही समोर येऊ शकते. हे माहीत नसल्यामुळेच पुष्कळ लोक ही सोय चालू करतात आणि अर्ध्या तासात वैतागून बंद करतात.

मुळात ही सोय फक्त मॅकवर आहे आणि सुरुवातीला बंदच असते. सेटिंग्जमध्ये ‘स्वाइप टू नेव्हिगेट’ चालू करायचं आणि मॅकच्या ट्रॅकपॅड सेटिंगमध्ये पानं बदलण्याचा स्वाइप ‘दोन किंवा तीन बोटांनी’ असा ठेवायचा. त्याचा एक भुर्दंड पडतो: फुल-स्क्रीन ॲप्स बदलण्याचा स्वाइप मग चार बोटांवर जातो. तीन बोटांची सवय मुरलेली असेल तर काही दिवस डेस्कटॉप बदलायला जाल आणि फाइल बदलून बसाल.

जेटब्रेन्स या कंपनीच्या एडिटरांमध्ये (इंटेलिजे, पायचार्म वगैरे), मॅकवर, याच तीन बोटांचा अर्थ निराळा. तिथे स्वाइप म्हणजे मागे-पुढे: आधी कर्सर जिथे होता ती जागा, मग ती त्याच फाइलीत का असेना. एखाद्या फंक्शनच्या व्याख्येवर उडी मारली, वाचलं, एक स्वाइप केला आणि परत मूळ ओळीवर. माझ्या मते स्वाइपला शोभणारा अर्थ हाच. अनोळखी कोड वाचताना हात तसाही ट्रॅकपॅडवर असतो, आणि ‘पुढचा टॅब कुठला’ यापेक्षा ‘मी आलो कुठून’ हेच जास्त वेळा हवं असतं. व्हीएस कोडमध्ये हे काम कीबोर्डवर होतं: मॅकवर कंट्रोल आणि वजाचं चिन्ह, विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण.

विंडोजवर तीन बोटांचा आडवा स्वाइप ॲप्स बदलण्यासाठी आधीच राखीव असतो, त्यामुळे तो एडिटरपर्यंत पोचतच नाही. टचपॅडच्या प्रगत जेश्चर सेटिंगमध्ये त्याला कंट्रोल-पेजडाउन आणि कंट्रोल-पेजअप नेमून दिलं, तर मात्र व्हीएस कोडमध्ये खरोखर शेजारचे टॅब बदलतात. ब्राउझरमध्येही तेच चालतं, हा वरचा फायदा. पण ही नेमणूक सगळ्या ॲप्सना एकच लागू होते, आणि जेटब्रेन्समध्ये त्याच कळा कर्सरला दिसणाऱ्या भागाच्या तळाशी किंवा माथ्याशी नेतात. दोन्ही एडिटर वापरत असाल तर एकीकडच्या कळा बदलाव्या लागतील. लिनक्सवर लिबइनपुट-जेश्चर्ससारख्या साधनाने असंच जमवता येतं, फक्त ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपने तीन बोटं वर्कस्पेस बदलण्यासाठी घेतलेली असतात.

आता कीबोर्ड. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-टॅब त्याच अलीकडच्या क्रमाने जातो, पण कंट्रोल दाबून धरलं की यादी दिसते. स्वाइपला यादी नाही. दोन फाइलींमध्ये, समजा कोड आणि त्याची टेस्ट, ये-जा करायची असेल तर यादीची गरज पडत नाही आणि स्वाइप चालून जातो. पाचवी-सहावी फाइल गाठायची असेल तर आंधळी कोशिंबीर. फाइली दहाच्या वर गेल्या की दोन्ही सोडा आणि कमांड-पी (विंडोजवर कंट्रोल-पी) दाबून नावातली तीन-चार अक्षरं टाका. फाइल उघडलेली नसली तरी सापडते.

व्हीएस कोडमध्येच फारशी माहीत नसलेली एक मधली वाट आहे: शिफ्ट दाबून टॅबांच्या पट्टीवर स्क्रोल केलं की टॅब एकामागून एक उघडत जातात, तेही पट्टीच्या क्रमाने आणि डोळ्यांसमोर.

लॅपटॉपच्याच कीबोर्डवर काम करत असाल आणि दिवसातला बराच वेळ वाचण्यात जात असेल, तर मॅकवर स्वाइप चालू कराच. जेटब्रेन्समध्ये तर डोळे मिटून. वेगळा कीबोर्ड जोडलेला असेल आणि ट्रॅकपॅड हातभर लांब असेल, किंवा विम या सगळं कीबोर्डवरून चालवायच्या एडिटरच्या कळांची सवय असेल, तर या भानगडीत पडू नका. दोन बोटांच्या स्वाइपला फाइल बदलण्याचं काम मात्र कुणीच देऊ नये: लांब ओळी आडव्या सरकवायला तीच दोन बोटं लागतात, आणि ओळीचं टोक बघायला गेलेला माणूस भलत्याच फाइलीत पोचतो.