साकाईची नाकिरी: धार एक नंबर, मूठ मात्र उरकलेली

जपानी सुरी घ्यायची म्हटलं की सगळे आधी पात्यावरच्या लाटालाटांच्या नक्षीवर भाळतात आणि दुकानदारांना ते बरोबर माहिती असतं. त्या डमास्कस नक्षीचा धारेशी काडीचा संबंध नाही हो, बाहेरचे थर ॲसिडने उठवलेले असतात, कापायचं काम आतल्या एकाच स्टीलचं. म्हणून ओसाकाच्या दोगुयासुजीमधून (हॉटेलवाल्यांच्या भांड्याकुंड्यांची गल्ली आहे ती) मी घेतली ती बिननक्षीची काळी नाकिरी, म्हणजे भाजी चिरायची चौकोनी पात्याची सुरी, १६५ मिमी, शेजारच्या साकाईत बनलेली. आत शिरोगामी नंबर २ (जपानी कार्बन स्टील), दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड, वर भट्टीतला काळा थर तसाच ठेवलेला.

पातं उजेडात धरलं की मऊ लोखंड आणि कडक स्टील जिथे मिळतात तिथे एक पुसटशी रेघ दिसते, खरी कारागिरी तिथे कळते. माझ्या सुरीत ती रेघ दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या उंचीवर आहे, फक्त टोकाकडे उजवीकडे केसभर वर चढलीये, हाताने ठोकलेल्या मालात एवढं चालायचंच. दुसरं म्हणजे सुरी पाटावर टेकवून खालून उजेड येतो का बघायचं. धार मध्येच खोलगट घासली गेली असेल तर तिथली कोथिंबीर कापलीच जात नाही, माळेसारखी जोडलेली राहते. इथे तसलं काही नाही, कोथिंबीर सुटी पडते आणि कांदा इतका पातळ चिरला जातो की भजीला हीच सुरी.

आता तक्रारी. पात्याची पाठ टाचेकडे, म्हणजे मुठीजवळच्या टोकाला, चांगली जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलीये, वजन हातात छान बसतं, पण पाठीच्या कडा गोल केलेल्याच नाहीत! टाचेचीही तीच गत, पातं चिमटीत धरून चिरलं की तर्जनीला टोचत राहतं आणि दोन किलो कैऱ्या चिरायच्या असतील तर घट्टा पडलाच म्हणून समजा. बारीक पॉलिशपेपरने हे जरा वेळात निघतं, पण मग १६,००० येन कशाचे घेतले?

मूठ होओ (जपानी मॅग्नोलिया) लाकडाची, अष्टकोनी, पुढे म्हशीच्या शिंगाचा तुकडा. हलकी, ओल्या हातातही सटकत नाही. पण लाकूड आणि शिंग यांच्या जोडावरून नख फिरवलं की अडकतं, आणि पात्याचा दांडा मुठीत शिरतो तिथे फट उघडीच सोडलीये. त्यात पाणी गेलं की दांडा आतून गंजतो आणि पुढे मूठ तडकते. मी ती मधमाशांच्या मेणाने बुजवून टाकली. साकाईत ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची कामाची वाटणी आहे, तेव्हा पहिल्या दोघांना पैकीच्या पैकी आणि तिसऱ्याने संध्याकाळची लोकल पकडायची म्हणून उरकलंय असं माझं मत.

शिरोगामीत गंज अडवणारं क्रोमियम जवळपास नसतंच, त्यामुळे सुरुवातीला कांदा काळपट पडतो आणि लोखंडाचा वास येतो, घाबरू नका, पात्यावर निळसर करडा थर धरला की कमी होतं. लिंबू, टोमॅटो, कैरी चिरताना मध्ये मध्ये फडक्याने पुसत राहायचं. नारळ, फणस, हाडं यांना चुकूनही लावू नका, स्टील जर्मन सुऱ्यांपेक्षा कडक असतं, धारेचा कपचाच उडतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर तर अजिबात नको. पण धार गेली तर १००० नंबरच्या दगडावर पटकन परत येते, हे सुख स्टेनलेसमध्ये क्वचितच.

घरात कुणी सुरी खरकट्या भांड्यांत टाकून झोपायला जाणारं असेल तर सरळ स्टेनलेस गाभ्याची घ्या. एकट्याच्या हातात राहणार असेल तर ही घ्या, फक्त दुकानात दोन-तीन नग काढायला लावा आणि मुठीच्या जोडावरून नख फिरवून मगच पैसे द्या.