सीलबंद ड्रममधलं पातळ तेल: कोल्ड रोलिंगवाल्यांनी जरूर वाचा

कोल्ड रोलिंगच्या, म्हणजे पत्रा गरम न करता रोलमध्ये दाबून पातळ करायच्या तेलात आम्ही पाच महिने फसत राहिलो. तुमच्या मिलवर नवा सप्लायर येणार असेल तर आमचं काय झालं ते आधी वाचा.

ट्रायलचं तेल उत्तम होतं. लॅबमध्ये सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू (तेलात चरबी किती हे दाखवणारा आकडा) 178 आली, म्हणजे स्निग्धांश भरपूर. पाम तेलाची ही व्हॅल्यू 190 च्या वर असते, निव्वळ खनिज तेलाची जवळपास शून्य. रोल आणि पत्रा यांच्यामधला थर दाबाखाली टिकतो तो या स्निग्धांशामुळे, आणि आपण पैसे मोजतो तेही त्याचेच.

ऑर्डर गेल्यावर जाड पत्र्यावर काहीच जाणवलं नाही. 0.25 मिमीच्या कॉइलला मात्र शेवटच्या पासमध्ये (रोलमधून जाण्याच्या फेरीत) रोलवरचा लोड चढू लागला. ऑपरेटर वेग उतरवून चालवायचे. इमल्शन, म्हणजे रोलवर सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण, लोखंडाच्या भुकटीने काळं पडलं, ॲनिलिंगनंतर (पत्रा तापवून मऊ केल्यावर) पत्र्यावर काळे डाग यायला लागले.

सप्लायरचा माणूस म्हणाला, "साहेब, तुमचं हायड्रॉलिक तेल टाकीत गळतंय." आमचं हायड्रॉलिक तेल खनिज, आणि थोडी गळती होतीच, म्हणून पटलं. सील बदलले, टाकी धुतली, नवं इमल्शन भरलं. पुन्हा तेच. मधल्या काळात आम्ही आमच्याच ऑपरेटरना बोल लावले, याचं मला आजही वाईट वाटतं.

रोजच्या चाचणीत इमल्शनमध्ये ॲसिड घालून तेल वर आणायचं आणि बाटलीच्या मानेवर तेलाचे टक्के वाचायचे. 2.5 टक्के, अगदी बरोबर यायचे. पण वर आलेलं तेल चरबीचं की खनिज, हे त्या चाचणीत कळत नाही!

लॅबमधल्या एका नव्या मुलीने पाच बॅचची टेस्ट सर्टिफिकेटं शेजारी शेजारी मांडली. पाचही ठिकाणी व्हॅल्यू 178.4. नैसर्गिक चरबीच्या तेलाच्या दोन बॅच सहसा दशांशापर्यंत जुळत नाहीत. तोवर नमुना सप्लायरचाच माणूस दाराजवळच्या ड्रममधून काढून द्यायचा. आम्ही मागच्या रांगेतले तीन सीलबंद ड्रम उघडले, तळापर्यंत ढवळून नमुने घेतले: व्हॅल्यू 112, 109, 121, म्हणजे चरबी बरीच कमी. सीलबंद ड्रममध्ये आमचं हायड्रॉलिक तेल कुठून जाणार?

तरीही भरपाई मिळाली नाही. ऑर्डरवर "नमुन्याप्रमाणे" एवढंच लिहिलं होतं, आकडा नव्हता, आणि ट्रायलची बाटली लॅबमधून कधीच धुऊन गेली होती. आता ऑर्डरवर किमान व्हॅल्यू लिहिलेली असते, आणि दोघांच्या सह्यांची एक लिटरची बाटली कपाटात कुलपात असते.