पेशंट पोर्टल : किडनीच्या जुन्या पेशंटचा अनुभव

माझे किडनीचे डॉक्टर एका रुग्णालयात, हृदयाचे दुसरीकडे, आणि रक्ततपासणी सोयीची पडेल तिथे. त्यामुळे रुग्णालयाचं पेशंट पोर्टल, म्हणजे आपले रिपोर्ट आणि नोंदी ऑनलाइन दाखवणारी वेबसाइट, मला सतत लागतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं टिपण. नुसते रिपोर्ट नाही, भेटीनंतरची पूर्ण नोंद वाचता येते. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कसं काम करते ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा ऐकला की पुढचं काही माझ्या डोक्यात शिरत नाही. घरी शांतपणे वाचलं की गोळी निम्मी का केली, दुखण्यावरच्या कुठल्या गोळ्या किडनीला चालत नाहीत, हे नीट कळतं. २०१० साली अमेरिकेत तीन ठिकाणच्या शंभरावर डॉक्टरांनी ‘ओपननोट्स’ या प्रयोगात आपली टिपणं पेशंटना खुली केली. पेशंट घाबरतील, डॉक्टरांचं काम वाढेल, अशी धास्ती होती. वर्षभरानंतर पाहणीत उत्तर दिलेल्यांपैकी ९९ टक्के पेशंटना ही सोय चालू राहायला हवी होती, आणि एकाही डॉक्टरने ती थांबवली नाही. मला याचं जराही नवल वाटत नाही.

रिपोर्ट लगेच दाखवायचा की डॉक्टरांनी पाहिल्यावर, हे इथे आपण ठरवू शकतो. नेहमीच्या रक्ततपासणीचा मी लगेच बघते, बायोप्सीचा मात्र थांबवून ठेवते. ही निवड प्रत्येक पोर्टलवर असायला हवी.

आता खटकलेलं. दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आत घेतला आणि माझ्या क्रिएटिनिनच्या आलेखात १.६, १.७ नंतर थेट १५० उमटलं. छातीत धस्स झालं. ती लॅब मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजते, पोर्टल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, १.७ ला ८८.४ ने गुणलं की १५० च येतात. आकडा आला, एकक वाटेत गळलं. आरोग्याची माहिती एका यंत्रणेतून दुसरीत पाठवण्यासाठी एफएचआयआर नावाचं मानक आहे, त्यात आकड्यासोबत एककही पाठवता येतं. पण बहुतेक ठिकाणी हातात पडते ती पीडीएफ. माणसाला ती वाचता येते, पण पुढच्या रुग्णालयाच्या यंत्रणेला त्यातून आलेख काढता येत नाही.

माझ्या नोंदीत सल्फाच्या औषधांची ॲलर्जी लिहिलेली होती, जी मला नाही. दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवरच करता आला, हे चांगलं. जुनी नोंद पुसत नाहीत, तिच्यावर ‘चुकीची’ अशी खूण करून तारखेसह नवी जोडतात. तेही योग्यच आहे, कारण त्या नोंदीवरून आधी कुणी औषध बदललं असेल तर ते शोधता यायला हवं. मात्र अर्ज कुठपर्यंत पोचला हे दिसत नाही. फोन करत राहावं लागतं.

माझी खरी तक्रार कुटुंबाला द्यायच्या परवानगीबद्दल आहे. नवऱ्याला माझ्या औषधांची यादी आणि भेटींच्या तारखा दिसायला हव्यात. समुपदेशकाशी मी काय बोलले ते नको. इथे एक तर सगळं उघडं, नाहीतर सगळं बंद. मग लोक सरळ पासवर्ड देऊन टाकतात. त्याने दुसरंही नुकसान होतं. माझी फाईल कुणी कधी उघडली याची यादी पोर्टलवर आहे, आणि ती मी आवर्जून बघते. एस्टोनियात तर ही सोय सगळ्या देशाच्या आरोग्य नोंदींना आहे, आणि पेशंट आपली कागदपत्रं डॉक्टरांसाठी बंदही करू शकतो. पण घरातले माझ्या पासवर्डने आत शिरले तर यादीत नाव माझंच दिसणार. मग त्या यादीला अर्थ काय राहिला?

अजून एक सांगते. आपल्या आरोग्य नोंदी ऑनलाइन साठवायची गूगलची सेवा ‘गूगल हेल्थ’ २०१२ च्या सुरुवातीला बंद झाली, तशीच मायक्रोसॉफ्टचं ‘हेल्थव्हॉल्ट’ २०१९ मध्ये. इतक्या मोठ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला, तर रुग्णालयाच्या पोर्टलची खात्री कोण देणार? मी प्रत्येक भेटीनंतर सगळं उतरवून घेते आणि स्वतःकडे दोन जागी ठेवते.

पाचपैकी साडेतीन तारे. जुनाट आजार असेल तर जरूर वापरा, आणि पहिल्याच दिवशी ॲलर्जी व औषधांची यादी तपासा. पोर्टल चालवणाऱ्यांना माझी मागणी एकच आहे : नवऱ्याला, मुलीला, काळजी घेणाऱ्या बाईंना वेगळं लॉगिन द्या, आणि त्यांना काय दिसेल ते मला ठरवू द्या.