बिटवॉर्डन की कीपासएक्ससी? क्रोममधले पासवर्ड हलवण्याआधी

क्रोममध्ये वर्षानुवर्षं साठलेले पासवर्ड बाहेर काढायचे, इथपर्यंत तुमचं ठरलं आहे असं धरून चालतो. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधली पासवर्डची सोय बंद केली, तेव्हा नाइलाजाने निघालेलेही पुष्कळ आहेत. पैसे न मोजता, फोन आणि लॅपटॉप दोन्हीवर पासवर्ड देणारा आणि कोड उघडा (म्हणजे कोणालाही वाचून तपासता येणारा) असलेला पासवर्ड मॅनेजर शोधत गेलो, तेव्हा शेवटी माझ्या हातात बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी ही दोन नावं उरली. मी दोन्ही वापरली. आता रोज एकच उघडतो. दुसऱ्याबद्दल आदर मात्र थोडा जास्तच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आदर आहे तो कीपासएक्ससीबद्दल. ते फक्त कॉम्प्युटरवर चालतं, फोनवर त्याचीच फाईल उघडणारं दुसरं अ‍ॅप घ्यावं लागतं. तिथे खातं नाही, सर्व्हर नाही. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाईलमध्ये असतात आणि ती फाईल तुमच्या ताब्यात असते. हे ज्या घराण्यातलं, ते मूळ कीपास २००३ चं आहे आणि त्याची फाईल उघडणारी अ‍ॅप्स इतकी आहेत, की उद्या एखादं बंद पडलं तरी तुमचं काही अडणार नाही. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरवर हल्ला झाला, तेव्हा ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे पासवर्डांच्या साठ्याच्या, बॅकअप प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे होते, पण कोणाचं खातं कोणत्या साइटवर आहे ते पत्ते उघडे होते. ते वाचल्यावर ‘माझी फाईल माझ्या घरात’ हा विचार कोणालाही पटेल. मलाही पटला, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

बिटवॉर्डन २०१६ चं. त्याची तिजोरी त्यांच्या सर्व्हरवर असते, पण कुलूप तुमच्याच मशीनवर लागतं, त्यामुळे तिकडे जाते ती एन्क्रिप्ट झालेली प्रत. फुकटच्या खात्यात पासवर्डांची आणि उपकरणांची मर्यादा नाही. तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड विसरलात तर मात्र दोन्हीकडे कोणी वाली नाही.

आता हलवण्याचं काम. क्रोम सीएसव्ही फाईल (रकान्यांत मांडलेली साध्या मजकुराची यादी) देतं, ती दोघंही घेतात. कीपासएक्ससी विचारतं की कोणता रकाना कशाचा, तिथे एकदा नीट जुळवून द्यावं लागतं. बिटवॉर्डनच्या यादीत क्रोमचं नाव आहे, ते निवडलं की झालं. फक्त तीच फाईल दोनदा टाकली तर सगळ्या नोंदी दुप्पट होतात; आधीचं आहे का हे ते बघत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. ती सीएसव्ही मध्येच एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. शून्याने सुरू होणाऱ्या ग्राहक क्रमांकाचं शून्य गायब होतं, लांबलचक आकडे भलत्याच रूपात दिसू लागतात आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड एक्सेलला सूत्र वाटतो. बघायचंच असेल तर नोटपॅडमध्ये बघा. काम झालं की फाईल कायमची उडवा आणि डाउनलोड फोल्डरचा क्लाउडवर आपोआप बॅकअप जात नाही ना, तेही बघा. कारण त्या फाईलमध्ये सगळे पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले असतात. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा लॅपटॉपच्या कुलपाने साइटवर शिरायची सोय, या फाईलमधून येत नाहीत. त्या सहज हलवता याव्यात म्हणून पासकीचे नियम ठरवणाऱ्या फिडो अलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये मसुदे काढले, पण क्रोममधून निघताना त्या-त्या साइटवर जाऊन पासकी नव्याने बनवणं हाच सरळ मार्ग.

आपल्याकडच्या बँकांचा गुंता वेगळा. स्टेट बँकेचंच बघा, लॉगिनचा पासवर्ड वेगळा, प्रोफाइलचा वेगळा. असला दुसरा पासवर्ड क्रोमने कधी धरलेलाच नसतो, तो डायरीच्या मागच्या पानावर असतो. दोन्ही अ‍ॅप्समध्ये त्यासाठी जादा रकाना करता येतो आणि तो लपवूनही ठेवता येतो. शिवाय रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. म्हणजे क्रोममधून आलेल्या बँकेच्या जुन्या नोंदीवर पत्ता बहुधा जुनाच असणार आणि नव्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जाणार नाही. अशा वेळी चिडून हाताने चिकटवू नका. पत्ता जुळत नाही म्हणून न भरणं हेच तर या अ‍ॅपचं काम, खोट्या साइटवरही ते असंच अडून बसतं. बँकेच्या कागदावरचा नवा पत्ता बघून तो नोंदीत जोडा. एका नोंदीला एकाहून जास्त पत्ते दोघंही घेतात.

इथपर्यंत दोघं बरोबरीत. कदाचित कीपासएक्ससी किंचित पुढेच.

माझा निकाल लागला तो फाईलच्या दोन प्रतींवर, आणि त्यात नागपूरच्या उन्हाळ्याचा हात आहे. मी एकटा एका लॅपटॉपवर असतो तर हा लेख लिहिलाच नसता. पण घरात वीजबिल, गॅस, रेल्वेचं तिकीट, आईच्या पेन्शनचं खातं हे आम्ही दोघं मिळून बघतो. म्हणून फाईल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवली, लॅपटॉपवर कीपासएक्ससी आणि बायकोच्या फोनवर तीच फाईल उघडणारं अ‍ॅप. हिवाळाभर सुरेख चाललं.

मे महिन्यात दुपारी लाईन जाते, राउटर बसतो, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. मी काही बदललं तर ते लॅपटॉपवरच्या फाईलमध्ये सेव्ह होतं, वर जात नाही. त्याच वेळी बायको ऑफिसात मोबाइल डेटावर दुसरी नोंद बदलते, ती वर जाते. संध्याकाळी नेट आलं की फोल्डरमध्ये एका जागी दोन फायली, दुसरीच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ असं काहीतरी शेपूट. कोणाचंच चुकलेलं नाही. सिंक करणाऱ्याने, म्हणजे दोन्हीकडची फाईल सारखी ठेवणाऱ्या क्लाउडच्या अ‍ॅपने, तर प्रामाणिकपणे दोन्ही प्रती राखल्या. त्या एकत्र करायची सोयही कीपासएक्ससीमध्ये आहे आणि ती चांगली चालते. पण ती चालवायला कोणीतरी ते शेपूट बघावं लागतं, आणि घरात ते बघणारा मी एकटाच. मी बघेपर्यंत फोनवर एक प्रत उघडी, लॅपटॉपवर दुसरी. मग ऐन तिकिटाच्या वेळी फोन यायचा, ‘अहो, चालू पासवर्ड कोणता, तुमच्यातला की माझ्यातला?’

पासवर्ड मॅनेजर घेतला तो नेमका हा प्रश्न संपावा म्हणून.

आता याच लाईन गेलेल्या दुपारी बिटवॉर्डन काय करतं? तिजोरी उघडते, पासवर्ड वाचता येतो, पण नवीन नोंद करायला गेलो तर नेट नाही म्हणून अडवतं. दोन्हींची तुलना वाचताना ही मी बिटवॉर्डनची उणी बाजू म्हणून लिहून ठेवली होती. वापरल्यावर मत फिरलं. ते अडवतं म्हणूनच दुसरी प्रत जन्माला येत नाही. फोनचं हॉटस्पॉट लावायचं, नोंद करायची, विषय संपला. बायकोचं वेगळं खातं आणि दोघांचं एक सामायिक कपाट एवढं फुकटात बसतं. तिसऱ्या माणसाला आत घ्यायचं तर पैसे लागतात.

हा माझ्या घराचा अनुभव, मोजमाप नव्हे. तुमच्याकडे इन्व्हर्टरवर राउटर असेल, किंवा पासवर्ड तुम्ही एकटेच बदलत असाल, तर माझी तक्रार तुमच्या वाट्याला येणारही नाही. तसं असेल तर कीपासएक्ससी घ्या, मी उलट कौतुकच करीन. घरच्या छोट्या कॉम्प्युटरवर स्वतःचा बिटवॉर्डन सर्व्हर चालवण्याचा मधला मार्गही काही जण सुचवतात. पण तो कॉम्प्युटर ज्या घरात आहे तिथली लाईन पुन्हा तीच. घरात दोन माणसं, दोन फोन आणि सिंकच्या फोल्डरमध्ये डोकवायची हौस कोणालाच नाही, अशी स्थिती असेल तर मी बिटवॉर्डनच सुचवीन.

परतीची वाट बंद होत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. कीपासएक्ससी आवृत्ती २.७.७ पासून बिटवॉर्डनमधून काढलेली जेसन फाईल (सीएसव्हीसारखाच नोंदी बाहेर काढायचा दुसरा प्रकार) थेट घेतं. मी अधूनमधून तशी फाईल काढून तिची कीपासची तिजोरी करतो आणि पेनड्राइव्हवर टाकून ठेवतो. या प्रतीत कोणी काही बदलत नाही, त्यामुळे तिची भांडणं नाहीत. तुम्हीही काढलीत तर सीएसव्ही नको, त्यात कार्ड आणि ओळखपत्रांच्या नोंदी येत नाहीत. आणि एन्क्रिप्टेड जेसनमध्ये ‘पासवर्ड-संरक्षित’ हा पर्याय निवडा. दुसरा पर्याय फक्त त्याच खात्यात परत उघडतो, म्हणजे खातं गेलं की ती प्रतही गेली.